हळदीच्या पट्ट्या आणि नको असलेल्या ओळी: कामाच्या नोंदी

सोमवार, २ जून २०२५

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीचा जुना हिशेब फॉक्सप्रो ह्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे. तो पोस्टग्रेस ह्या आजच्या डेटाबेसमध्ये आणायचा आणि मालकांना दोन अहवाल काढून द्यायचे: हंगामनिहाय, वाणनिहाय आवक, आणि त्याच वाटणीने सरासरी दर. मालकांना यार्डात सगळे अण्णा म्हणतात. सौदे जोरात असताना इथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून काम जूनवर ढकललं होतं. मदतीला वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी आहे, इंटर्नशिपसाठी.

डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइली, आज आत घेतल्या. पहिलीच अडचण अशी की नव्या टेबलात पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या वजन-दराच्या हिशेबाच्या पावत्या, जास्त आणि जुन्या स्क्रीनवर कमी. दिवाणजींनी यादी वरून खाली बघितली आणि म्हणाले, "ह्या तर आम्ही कवाच डिलीट केल्यात की."

केल्यात, पण गेलेल्या नाहीत. फॉक्सप्रोत डिलीट म्हणजे नुसती खूण. डीबीएफच्या प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट त्यासाठी राखलेला असतो. चालू ओळीत तिथे मोकळी जागा, म्हणजे आस्की ३२, आणि खोडलेल्या ओळीत तारा, म्हणजे आस्की ४२. 'सेट डिलीटेड ऑन' असेल तर तारावाल्या ओळी दिसत नाहीत, इतकंच. फाइलीतून त्या खऱ्या जातात 'पॅक' दिल्यावर, आणि ह्या पेढीत पॅक कुणी दिल्याचं दिवाणजींना आठवत नाही. आपलं आयातीचं टूल तो बाइट वाचतच नव्हतं. त्यामुळे खोडलेलं आणि न खोडलेलं एकाच पंगतीला बसलं.

तो बाइट वाचून 'खोडलेली' असा खरं-खोटं रकाना भरून घेतला. ओळी टाकून दिल्या नाहीत. पट्टी खोडून दुरुस्त वजनाची नवी केली असेल, तर नंबरातली फट कुठून आली हे नंतर कुणीतरी विचारणारच.

मंगळवार, ३ जून

'स्थिती' रकान्यात 'पूर्ण', 'रद्द' किंवा काहीच नाही. रद्द पट्ट्या वगळायच्या म्हणून सरळ अट: स्थिती <> 'रद्द'.

तासाभरानं इंटर्न मुलगी म्हणाली, "सर, रद्द मोजल्या, रद्द नसलेल्या मोजल्या. बेरीज एकूण ओळींइतकी येत नाही."

डॉसवरच्या फॉक्सप्रोला नल, म्हणजे 'किंमत माहीतच नाही' ही खूण, ठाऊकच नव्हतं, ते व्हिज्युअल फॉक्सप्रोपासून आलं. जुन्यात रिकामा रकाना म्हणजे ओळीने मोकळ्या जागा. आयात करताना त्या मोकळ्या जागा छाटल्या गेल्या आणि उरलेल्या रिकाम्या मजकुराचं टूलनं नल केलं. आता नल <> 'रद्द' ह्याचं उत्तर 'खरं' येत नाही आणि 'खोटं'ही येत नाही, 'अज्ञात' येतं. व्हेअर, म्हणजे क्वेरीतला ओळी गाळणारा भाग, फक्त 'खरं' आलेल्या ओळी पुढे सोडतो. समजा १० पट्ट्या आहेत, ३ रद्द, ५ पूर्ण, २ रिकाम्या. 'रद्द' मागितल्या तर ३ मिळतात, 'रद्द नाही' मागितल्या तर ५. दोन पट्ट्या कुठल्याच बाजूला नाहीत, आणि एरर वगैरे काही येत नाही.

दिवाणजींना विचारलं, स्थिती रिकामी म्हणजे काय धरायचं? ते म्हणाले, पूर्वी 'पूर्ण' लिहायची पद्धतच नव्हती, रद्द झाली तरच लिहायचे. म्हणजे रिकाम्या पट्ट्या चांगल्या आहेत, आणि जुन्या हंगामांतला बहुतेक माल त्यांतच आहे.

अट बदलली: स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'रद्द'. ह्यात नलही एक किंमत म्हणून धरली जाते, त्यामुळे उत्तर 'खरं' किंवा 'खोटं' एवढंच येतं. कोअलेस वापरून नलच्या जागी रिकामा मजकूर घालूनही हेच होतं, पण मग वाचणाऱ्याला वाटतं की टेबलात रिकामा मजकूर आहे. मला पहिलं बरं वाटतं.

आणि मुलीची बेरीज कायमची ठेवली. प्रत्येक गाळणीमागे तीन आकडे काढायचे: अट खरी, अट खोटी, अट अज्ञात. तिन्हींची बेरीज एकूण ओळींशी जुळलीच पाहिजे.

गुरुवार, ५ जून

आर्थिक वर्षाची गाळणी. '१ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०१८' असं बिट्वीननं लिहिलं की जुन्या डेटावर बरोबर चालतं, कारण डीबीएफच्या तारखेत वेळ नसते. पुढे पेढीनं सॉफ्टवेअर बदललं, त्यात पट्टीची वेळही साठते. दोन्ही एका टेबलात आणल्यावर रकाना टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख अधिक वेळ, झाला, आणि '३१ मार्च' म्हणजे ३१ मार्चची मध्यरात्र शून्य वाजता. त्या दिवशी सकाळी दहाची पट्टी बिट्वीनच्या बाहेर पडते. त्यातून तो दिवस मार्चअखेरचा, म्हणजे राहिलेल्या सगळ्या नोंदी घाईनं उरकण्याचा.

खालची कड धरून आणि वरची सोडून लिहिलं: तारीख >= १ एप्रिल २०१७ आणि तारीख < १ एप्रिल २०१८. रकान्यातून वर्ष काढून तुलना करायचा मोह होतो, पण रकान्यावर फंक्शन चढवलं की त्यावरचा साधा इंडेक्स, म्हणजे लवकर शोधायची सूची, उपयोगी पडत नाही. एवढ्याशा टेबलाला वेगाची काळजी नाही म्हणा. सवय म्हणून सोडलं.

शुक्रवार, ६ जून

दिवाणजींनी कपाटातून जुन्या अहवालाच्या प्रिंट काढून दिल्या, डॉट मॅट्रिक्सच्या, कडेला भोकं असलेल्या. एका हंगामाची राजापुरीची आवक त्यांत आपल्यापेक्षा बरीच जास्त. नल तपासले, तारखा तपासल्या, खोडलेल्या ओळी तपासल्या. सगळं जागेवर.

वाणाचे कोड रोमनमध्ये आहेत. आर म्हणजे राजापुरी, आरके म्हणजे राजापुरीची कणी (बारीक तुकडे), आरजी म्हणजे राजापुरीचा गट्टू (गोल कंद). जुन्या प्रोग्रॅममध्ये अट साधी आहे: वाण = 'आर'. आपलीही तीच. पण फॉक्सप्रोत 'सेट एक्झॅक्ट' हे सेटिंग मुळात ऑफ असतं. तेव्हा बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे जेवढी अक्षरं तेवढीच तो जुळवून बघतो, म्हणून आरके = 'आर' हेही खरं. उजवीकडे रिकामा मजकूर दिला तर काहीही खरं. पोस्टग्रेसमध्ये बरोबर म्हणजे पूर्ण बरोबर.

म्हणजे जुन्या 'राजापुरी'त कणी आणि गट्टू धरलेले होते. लिहिणाऱ्यानं ते मुद्दाम केलं की फॉक्सप्रोच्या सवयीनं झालं, हे कोडवरून कळायला मार्ग नाही. अण्णांना फोन केला.

"कणी आवकेत धरा की. माझ्याच दुकानात आलीय. पण दरात धरू नका, भाव खाली दिसतोय."

"आणि गट्टू?"

"गट्टू दोन्हीत."

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की कामाची रचनाच बदलावी लागणार. आतापर्यंत धरून चाललो होतो की ओळी आधी गाळायच्या आणि उरलेल्यांवर दोन्ही अहवाल काढायचे. इथे एकच ओळ एका आकड्याला हवी आहे आणि शेजारच्याच आकड्याला नको आहे.

सोमवार, ९ जून

दर शून्य असलेल्या पट्ट्या. शनिवारी एक्सेलमध्ये काढून दिवाणजींना दिल्या होत्या, त्यांनी आज पेन्सिलीनं खुणा करून परत केल्या. तीन प्रकार निघाले.

पहिला, शेतकऱ्याला भाव पटला नाही, सौदा झाला नाही, माल परत गेला. दुसरा, दर नंतर भरायचा म्हणून शून्य टाकलं आणि पुढे नवी पट्टी केली. तिसरा प्रकार २००५ च्या पावसाळ्यातला. शेऱ्यात 'पेव' आणि पुढे 'पूर'.

मुलगी कोल्हापूरची, तिला पेव म्हणजे काय हे दिवाणजींनी सांगितलं. हरिपूरला जमिनीखाली खोल खड्ड्यांत हळद साठवायचे. वर तोंड लहान, आत पोट मोठं, पोती ओतून तोंड बंद करायचं. माती अशी की आत ओल धरत नाही, वर्षं गेली तरी हळदीला कीड नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. त्यानंतर साठवण शीतगृहांकडं आणि गोदामांकडं वळली. बोलता बोलता ते वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून थांबले. "हा माल आलाय, वजन झालंय, पावती दिलीय. विकलाच नाही. कशात धरणार?"

आवकेत धरणार. दरात नाही. पहिल्या प्रकाराचंही तसंच: माल यार्डात आला, तोलला, हमाली झाली, म्हणजे आवक झाली. दुसरा प्रकार मात्र दोन्हीकडून बाहेर, नाहीतर तोच माल दोनदा मोजला जाईल.

हे व्हेअरनं होणार नाही. व्हेअर ओळ कापतो ती क्वेरीतल्या सगळ्या आकड्यांसाठी कापतो. हॅविंग गट पडल्यानंतर चालतो, तो अख्खा गट कापतो. इथे हवा आहे फिल्टर. पोस्टग्रेसमध्ये ९.४ आवृत्तीपासून प्रत्येक बेरजेला तिची वेगळी अट लावता येते. आवक म्हणजे सम(वजन), वजनाची बेरीज, त्याला फिल्टर नाही; दोन्हीकडे नको असलेला दुसरा प्रकार तेवढा व्हेअरनं जातो. दरासाठी सम(वजन × दर) फिल्टर (व्हेअर दर > ० आणि वाण कणीचा नाही), आणि त्याला भागायचं सम(वजन) नं, त्यावरही हुबेहूब तीच अट. अंशाला लावली आणि छेदाला विसरली तर आकडा चुकतोच, आणि दिसायला अगदी बरा दिसतो. कल्पित उदाहरण: १० क्विंटल १५,००० नं गेली, ५ क्विंटल परत गेली. बरोबर सरासरी १५,०००. छेदात परतीचा माल राहिला तर १०,०००. दोन्ही दर हळदीला शोभतात, म्हणून नुसत्या नजरेला पकडता येत नाहीत. अट एकाच ठिकाणी लिहून दोन्हीकडे वापरायची म्हणून 'दरात_धरायची' असा खरं-खोटं रकाना व्ह्यूमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत, काढून घेतला.

साधी ॲव्हरेज का नाही, असं मुलीनं विचारलं. एका पोत्याचा लॉट आणि चाळीस पोत्यांचा लॉट सारखेच तोलले जातील म्हणून.

गटात एकही विक्री नसेल तर दोन्ही बेरजा नल येतात आणि भागाकारही नल. एरर येत नाही. छापताना तिथे रेघ मारायची. शून्य छापायचं नाही, शून्य भाव वाचून अण्णा फोन करतील.

हॅविंगवरून आठवलं. अण्णांना गावनिहाय यादीत १० क्विंटलच्या आतली गावं नको आहेत. हॅविंग लावला की ती गावं जातात आणि खालची एकूण बेरीजही कमी होते. आधी गावनिहाय बेरीज काढून, वरच्या पायरीवर केस ('असं असेल तर हे' ही रचना) लावून छोटी गावं 'इतर' मध्ये घातली.

बुधवार, ११ जून

दुबार पट्ट्या. तारीख, शेतकरी, वाण, वजन, दर आणि लॉट नंबर सारखा असेल तर दुबार धरायची, रो नंबर लावून पहिली ठेवायची. साधं काम वाटलं.

एका शेतकऱ्याच्या एका दिवसाच्या चार ओळींतली एकच राहिली. दिवाणजी म्हणाले, चारही खऱ्या, एकाच गाडीतले चार लॉट, तोलून सारख्या वजनाचे केलेले, एकाच खरेदीदारानं एकाच भावात घेतले. लॉट नंबर तेव्हा कुणी लिहीत नव्हतं.

म्हणजे लॉट नल. आणि इथे नलचा स्वभाव बरोबर उलटा. बरोबरच्या चिन्हानं तुलना केली तर नल आणि नल सारखे नसतात. पण गट पाडणारे पार्टिशन बाय, ग्रुप बाय आणि डिस्टिंक्ट सगळ्या नलांना एकाच टोपलीत टाकतात. मंगळवारी नलमुळे ओळी अटीतून निसटत होत्या, आज नलमुळेच वेगळ्या ओळी एक झाल्या. मुलगी वैतागली, आणि ते रास्तच आहे.

लॉट नंबर असेल तिथेच दुबार तपासायचं. नसेल तिथे पट्टी नंबरावर जायचं, तो छापील असायचा. पट्टी नंबरही तोच असेल तर दुबार, वेगळा असेल तर वेगळी पट्टी. काही ओळींना दोन्ही नाहीत. त्यांना 'संशयित' अशी खूण करून आवकेत ठेवल्या. खरा माल गाळण्यापेक्षा एखादी दुबार ओळ राहिलेली परवडली, असं अण्णांचंच मत पडलं.

गुरुवार, १२ जून

दोन छोट्या गोष्टी.

सॉफ्टवेअर शिकताना केलेली नमुना खाती आणि 'सस्पेन्स' (कुठे टाकायची ते न ठरलेल्या रकमांचं) खातं वगळायची यादी वेगळ्या टेबलात आहे. मुलीनं खातं नॉट इन (ती यादी) असं लिहिलं, अहवाल पूर्ण कोरा. यादीत शेवटी एक रिकामी ओळ होती, तिचा नल झाला होता. नॉट इनच्या यादीत एक नल असला की यादीत नसलेल्या प्रत्येक खात्याचं उत्तर 'अज्ञात', आणि यादीतल्यांचं 'खोटं'. मग 'खरं' कुणाचंच नाही. नॉट एक्झिस्ट्स लिहिलं, प्रश्न मिटला. यादीच्या रकान्याला नॉट नलही लावलं. निदान हा घोटाळा कोरा कागद दाखवतो, म्हणून लगेच सापडतो.

दुसरी उचलीची. शेतकरी आणि त्यांची त्या हंगामातली उचल, उचल नसेल तरी शेतकरी दिसला पाहिजे. लेफ्ट जॉइन, म्हणजे पहिल्या यादीतला प्रत्येकजण ठेवणारी जोडणी, केला होता, पण हंगामाची अट व्हेअरमध्ये. उचल न घेतलेल्यांचा हंगाम रकाना नल, म्हणजे व्हेअरमध्ये सगळे बाहेर. अट जॉइनच्या ऑनमध्ये नेली. उचल न घेणारे परत आले, आणि अण्णांना पाहायचे होते तेच हे.

सोमवार, १६ जून

शेतकऱ्यांच्या यादीत खरेदीदार घुसलेले दिसले. प्रकार इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'गिऱ्हाईक' ही अट असूनही. स्क्रीनवर त्या ओळींत प्रकार 'गिऱ्हाईक' असाच दिसतो, अक्षर न् अक्षर.

कोडपॉइंट, म्हणजे अक्षरांचे युनिकोड क्रमांक, काढून पाहिले. अर्धा ऱ तीन तऱ्हेनं साठलेला आहे. काही ठिकाणी ऱ हे एकच अक्षर, यू+०९३१. काही ठिकाणी साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब. आणि जुन्या फॉन्टमधून बदललेल्या मजकुरात र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड, झेडडब्ल्यूजे. डोळ्याला तिन्ही एक, डेटाबेसला तीन वेगळे शब्द.

पहिले दोन नॉर्मलाइझनं, म्हणजे एकाच अक्षराची रूपं सारखी करणाऱ्या फंक्शननं, एक होतात. पोस्टग्रेस १३ पासून ते फंक्शन आहे आणि एनएफसी रूपात र अधिक नुक्ता ह्याचा एकच ऱ होतो. तिसरा होत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीनं तो समरूप नाहीच. त्याला रिप्लेसनं हातानं बदललं. गावाच्या रकान्यातही हेच आहे, कऱ्हाड गटयादीत तीनदा येत होतं आणि आवक तिघांत वाटली गेली होती. शेवटच्या मोकळ्या जागाही ह्याच फेरीत छाटल्या.

हे क्वेरीत करत बसायचं नाही. आयातीच्या वेळीच करायचं, मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात ठेवून.

बुधवार, १८ जून

सगळ्या अटी एका व्ह्यूमध्ये आणल्या. आधी 'वगळण्याचं कारण' असा एकच रकाना केला होता, केस लावून. मुलीनं हरकत घेतली. एखादी पट्टी खोडलेलीही असते आणि नमुना खात्याचीही. केस पहिल्या जुळणाऱ्या अटीपाशी थांबतो, म्हणजे कारणनिहाय मोजणी अटींच्या क्रमावर ठरते. क्रम बदलला की 'नमुना' कमी आणि 'खोडलेली' जास्त. बरोबर आहे तिचं. आता प्रत्येक कारणाला वेगळा खरं-खोटं रकाना आहे: खोडलेली, रद्द, नमुना, दुबार, संशयित, विक्री नाही, कणी. त्यांतला एकही नल होऊ शकत नाही, तशी चाचणी लावली.

मूळ टेबलात डिलीट एकही नाही. आवकेचा अहवाल त्याला हवे ते रकाने बघतो, दराचा त्याला हवे ते.

शुक्रवार, २० जून

अण्णांना अहवाल दाखवला. दर त्यांनी पाच मिनिटांत नजरेखालून घातले. मग म्हणाले, "काढून टाकलेल्या पट्ट्या दाखवा." कारणनिहाय यादी काढून दिली. अर्धा दिवस त्यांनी आणि दिवाणजींनी तीच वाचली, चहा दोनदा थंड झाला. 'रद्द' मधल्या काही पट्ट्या त्यांनी परत आणायला लावल्या: पट्टी रद्द झाली होती, पण माल दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर हातानं दुरुस्ती करून विकला होता, आणि त्याची कार्बन प्रत वहीत निघाली. त्यांच्यासाठी 'मालकांनी ठेवलेली' हा रकाना वाढवला, त्यात कुणी आणि कधी ठरवलं तेही लिहिलं जातं.

दर बसवताना अण्णांनी आणखी एक सांगितलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या आधीची आणि नंतरची आवक शेजारी शेजारी हवी, आणि त्यात जिल्ह्याबाहेरून, कर्नाटकातून आलेला माल नको. गावाच्या रकान्यावरून जिल्हा काढावा लागेल. सारख्या नावाची गावं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि तालुका निम्म्या ओळींत रिकामा आहे. अशा गावांची यादी काढून दिवाणजींकडे दिली, ते सोमवारपर्यंत खुणा करून देतो म्हणालेत. उचलीच्या २०११ पूर्वीच्या तारखा अजून बाकी.